नैवेद्याच्या ताटाचा फोटो

माझ्या आईचे गुडघे वाजायचे. खरंच वाजायचे, वेताच्या जुन्या खुर्चीत कुणी जाड माणूस बसला की येतो तसा करकर आवाज यायचा. आमचं घर सांगलीत विश्रामबागला, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण ती बोलकी लिफ्ट होती आणि महिन्यातले पंधरा दिवस 'क्षमस्व' म्हणत बंद असायची. मग जिना. आई जिना चढायला लागली की मी आत बसून पायऱ्या मोजायचे. अकराव्या पायरीला ती थांबायची. दम लागून नाही, गुडघा नको म्हणायचा म्हणून.

आणि ही बाई कोण, तर केतकी करमरकर. सांगली-मिरजेत मंगळागौरीचे खेळ म्हटलं की लोक जिचं नाव घेतात ती. तिचा अकरा बायकांचा गट होता, 'घागर' नावाचा. श्रावणातल्या दर मंगळवारी एकेका नव्या नवरीकडे जायचं आणि नऊवारी नेसून झिम्मा, फुगड्या, कोंबडा, गाठोडं, सगळं खेळायचं. हल्ली जागरण कुणाला झेपत नाही, म्हणून हॉल घेऊन दुपारी चार ते सात. आई फुगडीला उभी राहिली की जेवणवाले आपली पातेली सोडून दारात येऊन बघायचे. लहानपणी मला वाटायचं, पृथ्वी फिरते ती आईसारखीच, कुणाचा तरी हात धरून.

मग वजन एक्क्याण्णव किलो झालं, साखर वाढली, गुडघ्यांतली कूर्चा झिजली, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी आई खुर्चीवर बसून माइकमध्ये नुसती गाणी म्हणायला लागली. बाबा हळदीच्या बाजारात अडत्याकडे कामाला आहेत, संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या असतात. त्यांनी आईच्या गुडघ्यांना इतके हळदीचे लेप लावले की नलूमावशी म्हणाली, "केतकी, तुझ्या गुडघ्यांचं लग्न ठरलंय का गं?" नलूमावशी खालच्या मजल्यावर राहते. सख्खी मावशी नव्हे, पण गटातली सगळ्यात मोठी, आवाजाने आणि आकारानेही.

आई हसली. पण त्या श्रावणात शेवटच्या मंगळवारी घरी आल्यावर तिने खेळात नाचवायचं घुंगरू लावलेलं सूप कागदात गुंडाळून माळ्यावर टाकायला दिलं. मला म्हणाली, "पार मागे ढकल. दिसायला नको."

म्हणून मग दाणा.

मिरजेच्या डॉक्टर ऐनापुरे साखर आणि सांधे दोन्ही बघतात. त्या भराभर बोलतात आणि बोलताना कागदावर चित्रं काढतात. त्या दिवशी काढलेला गुडघा मी जपून ठेवला होता.

"आपण जेवलो की आतड्यातून एक संप्रेरक निघतं," त्या म्हणाल्या. "ते मेंदूला सांगतं, पुरे. स्वादुपिंडाला सांगतं, इन्सुलिन सोड. जठराला सांगतं, सावकाश. पण ते दोन-तीन मिनिटांत नाहीसं होतं. शास्त्रज्ञांनी त्याची टिकाऊ नक्कल केली, मधुमेहासाठी. त्याने साखर उतरली, वजनही उतरलं. आणि एक किलो वजन उतरलं की चालताना गुडघ्यावरचा चार किलोंचा भार उतरतो."

"म्हणजे वीस किलोंना ऐंशी," मी म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"बरोबर. पण गंमत पुढे आहे. काही जणांचं वजन उतरायच्या आधीच दुखणं कमी झालं. सांध्याला आतून अस्तर असतं. ते चिडलं की सुजतं आणि कूर्चेला कुरतडतं. हे औषध त्या अस्तरालाच शांत करतं. त्यावर पुढे बरंच काम झालं आणि त्यातून हा आला."

हा म्हणजे काचेच्या बशीतला तांदळाएवढा पांढरा तुकडा. कंपनीने ठेवलेलं नाव कुणालाच म्हणता येत नाही, सगळे दाणाच म्हणतात. दंडाच्या आत कातडीखाली बसवायचा, सहा महिने चालतो. तो रक्तातली साखर बघतो, मोबाइलवरून जेवण बघतो, आणि आपली मात्रा आपण ठरवतो. सांध्यातल्या दुखण्याच्या नसाही तो झोपवतो.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला भूक लागणार नाही. म्हणून घड्याळ बघून जेवायचं. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे डाळ, उसळ, ताक, पनीर. आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलायची. नाहीतर शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं. मांडीचा स्नायू हा गुडघ्याचा राखणदार आहे. तो गेला तर गुडघा वाऱ्यावर."

आई म्हणाली, "म्हणजे औषध भूक मारणार आणि तुम्ही जेवा जेवा करणार."

"मी नाही, दाणा करणार. दोन्ही वेळा ताटाचा फोटो काढायचा. खाणं कमी दिसलं की तो मात्रा उतरवतो, म्हणजे भूक परत येते. घरातलं कुणीतरी सोबती म्हणून लागतं, फोटो पाठवायला."

"मी," मी म्हणाले. बाबांनी तोंड उघडायच्या आधी.

फेब्रुवारीत दाणा बसला. तीन आठवड्यांनी मी आत बसून पायऱ्या मोजत होते आणि आई अकराव्या पायरीला थांबलीच नाही. मी दार उघडलं तर ती समोर उभी, हातात भाजीची पिशवी, तोंडावर असा भाव की जणू कुणाच्या तरी झाडाच्या कैऱ्या पाडून आली आहे.

"दुखत नाहीये," ती म्हणाली. "जुई, अजिबात दुखत नाहीये."

मग काय सांगू. मे महिन्यात एकोणऐंशी किलो, जूनच्या शेवटी बहात्तर. ब्लाउज दोनदा आत घेतले. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी आईवरच प्रकल्प केला: वजनाचा आलेख, साखरेचा आलेख, दुखण्याचा आलेख, तिन्ही घसरगुंडीसारखे खाली. नववीपर्यंत मी वर्गात उभी राहिले की माझी मान खाली जायची. त्या दिवशी तीन परीक्षकांसमोर मी पंधरा मिनिटं न अडखळता बोलले. आणि शेवटी आईने शाळेच्या अंगणात माझ्याबरोबर फुगडी घातली. पूर्ण शाळा ओरडत होती. पहिलं बक्षीस आम्हालाच.

व्यायाम राहिला. वजनं आणली होती, ती बाबांनी लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवली. आई म्हणायची, "दिवसभर घरात वाकते, उठते, घासते, पुसते, तो योग नाही तर काय आहे?"

जेवण मात्र सुरुवातीला नीट चाललं होतं. मी फोटो काढायचे, दाणा ग्रॅम सांगायचा. आषाढात आईला ताप आला आणि चार दिवस ती नुसत्या पेजेवर राहिली. मी इमानदारीत पेजेचेच फोटो पाठवले. दाण्याने मात्रा उतरवली. चौथ्या दिवशी दुपारी ती ओट्याखालच्या डब्यातून डाळ काढायला बसली आणि उठता येईना. मी काखेत हात घालून तिला उठवायला गेले, तर तिने माझा हात झटकला. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. पाच महिने न दुखलेला गुडघा आता दुखला, तो पहिल्यापेक्षा जास्त दुखला असणार, कारण ती त्याला विसरली होती.

ताप गेला, ती जेवायला लागली, मात्रा परत चढली. पण त्या दिवसापासून तिला भुकेची धास्ती बसली. पोटात थोडं जरी गुरगुरलं तरी गुडघा चाचपून बघायची.

आणि श्रावण आला. साखर असल्यापासून आईला डॉक्टरांनी उपास बंद केले होते आणि ते तिला फार लागलं होतं. नलूमावशी सोमवार धरते, समोरच्या सोमणकाकू शनिवार, आणि आई मात्र दहा वाजता पोळी-भाजी. आता भूकच नाही. पहिल्या सोमवारी सकाळी ती म्हणाली, "या वर्षी सगळे वार करणार मी. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार."

"बुधवार आणि रविवारने काय घोडं मारलंय?" बाबा म्हणाले.

"त्या दिवशी एकभुक्त."

त्या सोमवारी नैवेद्याचं ताट इतकं सुंदर दिसत होतं, की मी मैत्रिणींना पाठवायला त्याचा फोटो काढला. वरणभात, मटकीची उसळ, पुरण, कोशिंबीर, डाव्या बाजूला लिंबाची फोड. माझ्या मोबाइलमधला ताटाचा कुठलाही फोटो दाणा उचलायचा, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. लगेच उत्तर आलं: 'उत्तम. एकतीस ग्रॅम प्रथिने. मात्रा कायम.' पुरणात डाळ असते ना, यंत्र खूश.

मी आईला दाखवलं. आई इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

"देवाचं ताट मला लागलं," ती म्हणाली. मग हसू थांबलं आणि तिने ते उत्तर परत वाचलं. मात्रा कायम. "राहू दे गं. महिनाभराचा तर प्रश्न आहे."

पुढच्या खेपेला तिने मला हाकच मारली. "जुई, ताट वाढलंय, फोटो काढून घे." सकाळी देवाचं ताट. शुक्रवारी सवाष्णीचं. संध्याकाळी बाबांचं, ते हात धुवायला गेले की. ताट खोटं नव्हतं, अन्न खोटं नव्हतं, फक्त जेवणारी खोटी होती. आणि आमच्याकडे ते कुणाला कळणार? आई आधी सगळ्यांना वाढते आणि मग शेवटी स्वयंपाकघरात एकटी जेवते. मी जन्मल्यापासून हे असंच आहे. ती काय जेवते, किती जेवते, जेवते की नाही, हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. डॉक्टरांनी इतकं विचारलं, पण 'तुमच्या घरात बाईला जेवताना कुणी बघतं का' हे नाही विचारलं.

मला कळत नव्हतं असं नाही. मला डॉक्टरांचं सगळं बोलणं पाठ होतं, प्रदर्शनात मीच तर ते म्हणून दाखवलं होतं. पण चार मंगळवार चार ठिकाणी कार्यक्रम ठरले होते, गटाच्या फलकावर आई मधोमध होती, आणि ओट्याखाली बसलेली ती, ओठावरचा घाम, हे मला परत बघायचं नव्हतं. मी दिवसातून दोनदा बटण दाबायचे आणि आई नाचायची. इतकं सोपं होतं ते.

तिसऱ्या आठवड्यात तालमीला नलूमावशीने आईचं मनगट धरलं आणि बांगड्या वर सरकवल्या. त्या थेट कोपरापर्यंत गेल्या.

"हे काय गं? बांगड्या आहेत का बाजूबंद?"

"मावशी, बारीक झाले तरी तुमचं बोलणं, जाड होते तरी तुमचं बोलणं."

"बारीक वेगळं आणि वाळलेलं वेगळं. जेवतेस का?"

"जेवते की. मोबाइलला विचारा हवं तर."

नलूमावशीने माझ्याकडे बघितलं. मी मोबाइल पुढे केला. रोजची ताटं, रोजचे ग्रॅम, एकसष्ट, चौसष्ट, साठ. मावशी चष्मा वर करून बघत राहिली.

"ताटं छानच आहेत," ती म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं." आणि पदर खोचून झिम्म्याला उभी राहिली.

चौथा मंगळवार. कुपवाड रस्त्यावरचा हॉल, नवरीचं नाव ऋग्वेदा लिमये, दोनशे बायका. गटातली वर्षाकाकू आजारी म्हणून तिच्या जागी मी. माझी पहिली नऊवारी. मी सकाळपासून जमिनीवरच नव्हते.

साडेपाचला फुगडी. आमची जोडी मधोमध. फुगडीत पाय जुळवायचे, हातांची अढी घालायची आणि मागे रेलायचं. आपला सगळा भार समोरचीच्या मुठीत असतो. मी रेलले आणि मला जाणवलं, समोर भारच नाही. आई अठ्ठावन्न किलोंवर आली होती. तिचे हात गार होते. पण ती हसत होती, नथ गालावर आपटत होती, आणि दोनशे बायका टाळ्या वाजवत होत्या. म्हणून मी वेग वाढवला. तिने नव्हता मागितला. मी वाढवला.

तिची बोटं सुटली. ओढून घेतली नाहीत, सुटली, ओल्या साबणासारखी. ती दोन पावलं भेलकांडत मागे गेली, उजवा पाय दुमडला आणि ती त्याच्यावर पडली. एक आवाज आला. ढोलकीवालीला वाटलं तिच्या हातून काहीतरी पडलं.

सगळं थांबलं. आई बसली होती आणि हसत होती.

"दुखतंय का?" नलूमावशी धावली.

"छे. काही नाही झालं."

"ऊठ आई," मी म्हणाले. "काही नाही झालं." ऋग्वेदाची सासू खुर्चीवरून अर्धी उठली होती, मला तिला खाली बसवायचं होतं, आणि शाळेच्या अंगणात ओरडत होते तसं सगळ्यांनी परत ओरडायला हवं होतं. मी हात दिला. आई उठली. जरा डुलली, पण उठली. टाळ्या पडल्या.

मग झिम्मा झाला, पंधरा मिनिटं. सूप नाचवणं झालं. मग कोंबडा, म्हणजे उकिडवं बसून उड्या मारायच्या. तिसऱ्या उडीला तिचा पाय गुडघ्यातून आडवा वळला, जसा पाय वळतच नाही तसा. मी तो बघितला. आईने नाही बघितला, ती समोर बघून हसत होती. ती खाली कलंडली आणि म्हणाली, "अगं, पाय कुठे गेला माझा?"

रुग्णालयात जाताना ती मला समजावत होती. "दुखत नाहीये गं. रडतेस काय."

डॉक्टर ऐनापुरेंनी पडद्यावर दोन चित्रं लावली. एक फेब्रुवारीतलं, एक आजचं. मांडी आडवी कापून बघितली तर कशी दिसेल, तसं. फेब्रुवारीत भोवती जाड पांढरी कड आणि आत करडा मोठा गोळा. आज पांढरी कड नव्हती, छान, तेच तर हवं होतं. पण आतला गोळाही लिंबाच्या सालीसारखा आक्रसला होता.

"पहिल्या पडण्यात नडगीच्या हाडाचा माथा चिरला होता," त्या म्हणाल्या. "एक पट्टी लावून बसवला असता. दुखलं असतं तर त्या तिथेच बसल्या असत्या. त्यानंतर त्या किती वेळ खेळल्या?"

"चाळीस मिनिटं," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून घेतले. "माथ्याचा भुगा झालाय. दोन अस्थिबंध तुटलेत. कृत्रिम गुडघा बसवायचा, तर त्याला धरून ठेवायला हाड हवं आणि स्नायू हवा. दोन्ही नाही." मग त्यांनी ताटांची नोंद उघडली. "आणि मला हे समजत नाही. रोज साठ ग्रॅम खाणाऱ्या बाईची मांडी अशी होत नाही. हे कोण जेवलंय?"

बाबा पुढे वाकले. पडद्यावर एकेक ताट सरकत होतं.

"हे माझं आहे," बाबा म्हणाले. "हा टवका गेलेला पेला माझा." मग पुढचं. "हे पण माझं." पुढचं. "हे देवाचं." ते माझ्याकडे वळले नाहीत. ते ताटंच बघत राहिले. इतक्या वर्षांत आपल्या बायकोचं ताट कसं दिसतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आता ते त्या नोंदीत एकही सापडेना.

"मी पाठवले," मी म्हणाले. "सोबती मी आहे."

डॉक्टर मला ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दाण्याचे डोळे तूच होतीस गं."

त्यांनी दोन रस्ते सांगितले. दाण्याचे सहा महिने संपतच आले होते. पहिला रस्ता, दाणा काढायचा आणि परत बसवायचा नाही. मग भूक येईल, खाणं येईल, व्यायाम करून दीड-दोन वर्षांत मांडी भरली तर कुबडी घेऊन चालता येईल. पण दुखणंही येईल, दोन्ही गुडघ्यांत, आणि मोडलेल्यात जास्त. साध्या गोळ्यांनी थोडं कमी होईल, पुरतं नाही. दुसरा रस्ता, नवा दाणा. दुखणार नाही. पण भूक नाही, म्हणजे स्नायू नाही. म्हणजे चाकांची खुर्ची.

"मात्रा कमी ठेवून मधला रस्ता?" बाबांनी विचारलं.

"करून बघू शकतो. पण इतक्या वर चढलेली मात्रा उतरवली की शरीर फार आरडाओरडा करतं. आणि आणखी एक आहे. जास्त मात्रेने काही जणांत नुसती पोटाची भूक जात नाही, हवंसं वाटणंच मंदावतं. व्यायामाला ते हवंसं वाटणं लागतं."

"काढा," आई म्हणाली. "मला चालायचंय."

तिने ते म्हटलं, हे मला नीट लिहून ठेवायचंय. ती शूर होती. अकरा दिवस ती शूर होती.

पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी तिने आपणहून वरणभात मागितला आणि बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसून तिला जेवताना बघत राहिले. ती म्हणाली, "असे काय बघताय, वाघ बघायला आलात का?" आम्ही तिघंही हसलो. सहाव्या दिवशी दुखणं आलं. सातव्या दिवशी कूस बदलताना तिच्या तोंडून जो आवाज आला तो खालच्या मजल्यावर गेला, कारण नलूमावशी चप्पल न घालता वर आली. आठव्या दिवशी व्यायाम शिकवणारी आली आणि पाय चार बोटं उचला म्हणाली. आईने दोन बोटं उचलला आणि तिला उलटी झाली. नवव्या दिवशी तिने वरणभात ढकलून दिला. दहाव्या दिवशी ती कुणाशीच बोलली नाही.

अकराव्या दिवशी मी शाळेतून आले तर तिने मला जवळ बसवलं.

"डॉक्टरांना फोन लाव. दाणा बसवा म्हणावं."

"आई, अकराच दिवस झालेत. त्या दीड वर्ष म्हणाल्यात."

"त्यांचा गुडघा आहे का हा?"

"तू परत चालशील. कुबडी घेऊन का होईना. पुढच्या श्रावणात नुसती उभी जरी राहिलीस ना—"

"जुई." तिने माझा हात धरला. आता तिच्या बोटांत थोडी ताकद आली होती, अकरा दिवसांच्या वरणभाताची. मला ती जाणवली. "मला नाही उभं राहायचं. मला श्रावण नको, गट नको, काही नको. मला हे थांबायला हवंय."

"नाही लावणार मी फोन."

"मग बाबांना लावायला सांग."

"ते पण नाही लावणार."

दारात बाबा होते, पिवळ्या पापण्यांचे, पिशवी अजून हातात. "पुरे, जुई," ते म्हणाले आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. मी त्यांच्या हातावर झडप घातली. बाबांनी मला बाजूला केलं, जोरात नाही. "तुझं ऐकून आपण पुष्कळ केलं," ते म्हणाले. ते एवढंच बोलले. त्यानंतर त्यांनी ते कधी काढलं नाही आणि मला त्याचा विसर पडला नाही.

दाणा बसला. तीन दिवसांत आईचा चेहरा सैल झाला. आठ दिवसांत ती पूर्वीसारखी गोड बोलायला लागली. आता मी आणि बाबा तिच्या दोन्ही बाजूंना बसून तिला घास देतो, खरे घास. ती सहा खाते आणि सातवा तोंडात धरून ठेवते. फोटो बाबा काढतात. दाण्याने मात्रा उतरवली की तिला दुखतं, दुखलं की ती रडून मागते, आणि डॉक्टर आपल्या हाताने परत चढवतात. आता ते तसंच चाललंय.

दिवाळीच्या सुट्टीत नलूमावशी दोन नव्या मुलींना घेऊन वर आली. त्यांना फुगडीचे पाय कसे जुळवायचे ते आईने नुसतं सांगावं, एवढंच. आई खुर्चीत बसून त्यांच्याकडे हसून बघत होती. त्या गोल फिरल्या, एक धडपडली, दुसरी खिदळली. मावशीने विचारलं, "केतकी, चुकतंय कुठे गं?"

"छान करतायत की," आई म्हणाली.

त्या फार वाईट करत होत्या. मला दिसत होतं. मावशीलाही दिसत होतं. ती मुलींना घेऊन खाली गेली आणि जाताना तिने दार हळू लोटून घेतलं.

व्यायाम शिकवणारी म्हणाली होती, रोज एकदा काखेत धरून उभं करा, दहा अंक मोजा, तेवढ्याने निदान हाड टिकतं. मी खुर्चीचं चाक अडवलं, आईसमोर वाकले आणि दोन्ही हात तिच्या काखेत घातले.

"चल आई. उभं राहायचं?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिला कुठे दुखत नव्हतं, तिची साखर एकशे दहा होती, ती रागावलेली नव्हती, दमलेली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कशाला?" तिने विचारलं.